सूरजच्या नावचा बोकड

बोकड पुन्हा दारात आडवा पडला होता. वसंतराव बूट काढायला वाकले, तेव्हा त्यानं मान वर करून त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू घर त्याचं आणि आलेला माणूस पाहुणा. "हा अजून हाय व्हय?" असं वसंतरावांच्या तोंडून निघून गेलं आणि निघाल्याबरोबर त्यांना जीभ चावावीशी वाटली. आत चुलीपुढं बसलेल्या कमळाबाईनं, त्यांच्या थोरल्या भावजयीनं, ते ऐकलं. तव्यावरची भाकरी तेवढी उलटली.

नसणार तर जाणार कुठं? देवाच्या नावानं सोडलेला तो. सूरज शांतिसेनेच्या पथकातून परदेशी निघाला, त्या सकाळी कमळाबाईनं वाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या बिरोबापुढं या बोकडाच्या कानाला खाच पाडली, कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "देवा, माझं पोर माघारी आलं की ह्यो तुजा." तेव्हा बोकड केवढा, तर सूरजच्या कडेवर मावेल एवढा. पुढं ऐन पावसाळ्यात सूरज माघारी आला, पण पेटीतून, झेंड्याखाली. जवळच्या विंझर गावची दुकानं बंद राहिली, शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली, आणि पेटी काही कुणाला उघडू दिली नाही. कमळाबाई तेव्हा रडली नाही. रडत का नाही म्हणून बायकांनी नावं ठेवली, तरी रडली नाही.

मग वाडीत वाद निघाला, की नवस फिटला की नाही? काही म्हातारे म्हणाले, आला म्हणजे आला, देवाचं देवाला देऊन मोकळं व्हा. दुसरे म्हणाले, असं येणं म्हणजे काय येणं झालं का? रीत अशी, की जिनं नवस बोललाय तिनंच देवापुढं जाऊन "आलं माझं पोर" म्हणायचं. त्याशिवाय सुरी लावायची नाही. आणि कमळाबाई म्हणेना. वर्ष उलटलं. बोकड फुगत फुगत वासराएवढा झाला, कुणाच्याही नाचणीत शिरायला लागला, आणि देवाचा म्हणून त्याला काठी मारायची सोय नाही. लोक कमळाबाईकडं बघायचे आणि गप बसायचे.

आज मात्र गप बसायचा दिवस नव्हता. आज स्वरूप निघणार होता. वसंतराव आणि सुलक्षणाचा हा एकुलता एक. सूरजच्याच पलटणीत, आणि आता सूरजच्याच त्या आफ्रिकेतल्या देशात, म्हणे त्याच ठाण्यावर. या घराण्यात कुणी लांबच्या वाटेला निघालं की थोरल्या बाईनं भंडारा लावायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. फौजेतून सुटून भोरला राहून वसंतरावांनी किती गोष्टी सोडल्या, ही सोडली नाही. त्यातून या खेपेला भंडाऱ्याला वजन जास्त होतं. साहेबांनी स्वरूपला बोलावून सांगितलं होतं, "तुझा भाऊ तिथं गेला. घरच्यांची ना असेल तर सांग, नाव काढतो." आणि स्वरूप म्हणाला होता, मोठ्याईनं भंडारा लावला तर जाईन. वसंतरावांना हे अजिबात पटलं नव्हतं. पलटणीचं काम कधीपासून चुलीपुढं विचारायला लागले, असं ते वाटेत एसटीत दोनदा म्हणाले होते.

सुलक्षणा आत आली ती थेट चुलीपाशी. भोरला गॅसवर स्वयंपाक करणारी बाई, पण इथं आली की पदर खोचून धुरात बसायची, तेवढं तिचं चांगलं होतं. तिनं काठवट पुढं ओढली आणि नवऱ्याचा आवाज गोठ्याकडं गेलाय ना, याची खात्री करून घेतली.

"आक्का, एक मागते. न्हाई म्हनू नका."

"माग की."

"भंडारा लावू नका त्याला."

कमळाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली. "अगं, भोरात पेढे वाटलेस म्हनं तू."

"ह्यांनी वाटले. मी डबा धरून उभी होते." सुलक्षणानं हुंदका पिठातच दाबला. "मी न्हाई म्हटलं तर हे म्हणत्यात, वैनीनं सूरज दिला आनी तुला जड झालं व्हय? काय बोलू मी त्यावर? तुमच्यापुढं तरी कुठलं तोंड घेऊन येऊ? पन आले, आक्का. तुमी न्हाई म्हटलं तर त्यांचं काई चालत न्हाई."

कमळाबाईला राग यावा की दया, तिचं तिलाच कळेना. सूरजला भरतीला वसंतरावांनीच नेलं होतं. पहाटे माळावर पळवणारे ते, छाती फुगवायला शिकवणारे ते. आणि ही सुलक्षणा तेव्हा म्हणाली होती, "आक्का, रडताय काय, नशीब काढलं पोरानं." तेव्हा नव्हतं का कुणाला जड झालं? सगळं जिभेवर आलं. पण समोरची बाई लटलट कापत होती, आणि तिच्या बाळंतपणात त्या स्वरूपला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं ते कमळाबाईनंच.

"भाकऱ्या कर," ती म्हणाली. "बघू."

दुपारी पानं मांडली. कमळाबाईचा नवरा हैबती गुरं वाडीतल्या गेनूवर सोपवून लवकर आला होता. वाडीतल्या सगळ्यांची गुरं राखायला नेणारा हा माणूस मुळातच कमी बोलायचा, आणि सूरज गेल्यापासून तर गुरांशीच काय ते बोलायचा. तो घोंगडीवर टेकला. त्याच्या शेजारी वसंतराव, मग स्वरूप. सूरजची बायको प्रांजल वाढायला. विंझरला औषधाच्या दुकानात कामाला जायची ती, आज मुद्दाम राहिली होती.

"कालच पक्कं झालं दिल्लीत," वसंतरावांनी भाताला हात घातला. "पथक आनखी वर्षभर तिथंच. त्यांच्या सरकारनं मागितलं, आपन दिलं. आनी टीव्हीवर दीडशहाणे बोंबलत्यात, माघारी बोलवा म्हनून. का? आमची पोरं काय सहलीला गेली होती?"

"बोलवायलाच पाहिजे, तात्या," प्रांजल म्हणाली.

भात वाढता वाढता म्हणाली, आवाज न चढवता, त्यामुळं वसंतरावांना आधी कळलंच नाही कोण बोललं ते.

"काय म्हनालीस?"

"तिथले मंत्री आलेलं धान्य बाजारात विकतात. शिपायांचे पगार खातात. मग शिपाई बंदुका घेऊन लोकांना लुटतात, आणि आपली माणसं त्या सरकारच्या राखणीला. हे मला टीव्हीनं नाही सांगितलं, ह्यांनी सांगितलं होतं फोनवर. मी सांगायला लागले की तुम्हीच म्हणायचात, पोरी, नको त्या गोष्टी काढू नको."

"सरकार चोर असलं तरी सरकार असतं," वसंतराव म्हणाले. "ते पडलं की रान मोकळं. तुला न्हाई कळायचं ते." मग त्यांचा आवाज खाली आला. "आमी श्रीलंकेतनं आलो तवा लोक इचारायचे, कशाला गेलता? ज्यांच्यासाठी गेलो ते बी म्हनाले, जा आता. माझ्या शेजारी झोपायचा तो पोरगा तिथंच ऱ्हायला. त्याच्या आईला काय सांगायचं ते मला आजवर सुचलं न्हाई, म्हनून म्या त्या गावालाच गेलो न्हाई. तसं सूरजचं न्हाई होऊ द्यायचं. आपली पोरं तिथं हुभी हायत तवर तो कशासाठी तरी गेला, एवढं तरी ऱ्हातं."

कमळाबाईनं पहिल्यांदाच दिराकडं नीट पाहिलं. छातीवर कायम बिल्ला लावल्यासारखा चालणारा हा माणूस आज म्हातारा दिसत होता.

"कुनी मारलं त्याला?"

हे हैबतीनं विचारलं. वर्षभरात पहिल्यांदा. सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"बंडखोरांनी, दादा," वसंतराव म्हणाले. "सांगितलं की तवाच साहेबांनी."

"साहेबानं सांगितलं ते म्या ऐकलं. स्वरूप, तू त्यांच्यात ऱ्हातोस. कुनी मारलं?"

स्वरूपनं बापाकडं पाहिलं, मग ताटाकडं. त्याच्या ताटातला भात तसाच होता.

"तिथं आपल्यासारखीच माणसं आहेत, मोठेबाबा. गुरं राखणारी. एवढाल्या लांब शिंगांच्या गाई. रात्री गुरं घेऊन आपल्या ठाण्याच्या तारेला लागून बसायची, राखण होते म्हणून. सूरजदादा त्यांच्यात जाऊन बसायचा. भाषा येत नव्हती, पण गुरांचं काय, हातानं बी सांगता येतं." तो थांबला. "तो गेला त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्याच सरकारचे शिपाई आले. भर दिवसा सगळी गुरं हाकून घेऊन गेले. आपली पोरं तारेच्या आत होती. हातात बंदुका होत्या. पण सरकारच्या माणसांच्या आडवं यायचं नाही, असा हुकूम. म्हणून उभी राहिली. सूरजदादा पण उभा राहिला."

"आनी मंग?"

"सकाळी त्या गुरं गेलेल्या घरांतली पोरं आली. त्यांनी ठाण्यावर गोळ्या घातल्या. त्यांना वाटलं, हे पण त्या शिपायांचेच."

बाहेर बोकडानं कान फडफडवले तेवढा आवाज झाला.

"माझी गुरं कुनी अशी नेली असती," हैबती म्हणाला, "आनी राखनदार बघत हुभा असता, तर म्या बी..."

पुढचं तो बोलला नाही. त्यानं ताट बाजूला सरकवलं. वर्षभर डोंगरात गुरांमागं हिंडताना तो कुणाला तरी मनात शिव्या घालत होता, कुऱ्हाडीनं तोडत होता. आज तोही माणूस त्याच्याकडून काढून घेतला. आता शिव्या तरी कुणाला घालायच्या? कमळाबाईला आपल्या नवऱ्याची इतकी दया कधी आली नव्हती.

"तिथली एक म्हातारी ह्यांना रोज दूध आणून द्यायची," प्रांजल म्हणाली. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, वाढायचं राहून गेलं होतं. "धुराचा वास असतो म्हणायचे दुधाला, आईच्या हातच्या दुधासारखा. शेवटचा फोन केला त्या संध्याकाळी बोलतच नव्हते. मी विचारलं, जेवलात का? तर म्हणाले, आज दूध नाही आलं. एवढंच. मला कळलंच नाही हो तेव्हा. मी म्हटलं, मग चहा काळा प्या."

कमळाबाईनं पदराचा बोळा करून तोंडावर धरला. पण रडू आलं नाही. आतल्या आत घट्ट गोळा होऊन बसलं, वर्षभर बसलं होतं तसंच.

"म्हणूनच जायचंय मला," स्वरूप एकदम म्हणाला. "त्यांची गुरं गेली, पण बाया-पोरं अजून तारेला लागूनच झोपतात. सरकार चोर आहे, मान्य. पण आपण उठलो तर त्या बायांचं काय होईल? चोराला थोडा तरी धाक घालणारं तिथं दुसरं कोण आहे?"

प्रांजलनं त्याच्याकडं पाहिलं.

"ते असते तर परत गेले असते," ती हळूच म्हणाली. "त्या म्हातारीसाठी."

हे ऐकलं आणि सुलक्षणाचा तोल गेला. "तुझं गेलं म्हनून माझं बी जाऊ दे व्हय? आत्ता म्हनालीस ना, माघारी बोलवा? बोलवा म्हनायचं दुसऱ्यांच्या पोरांना, आनी माझ्याला जा म्हनायचं!"

प्रांजल उठली, भाताचं पातेलं उचलून आत ठेवायला गेली आणि आतच थांबली. बोलून गेल्यावर सुलक्षणालाच रडू फुटलं. वसंतराव बायकोवर ओरडले नाहीत, याचं कमळाबाईला नवल वाटलं. ते आपल्या हाताकडं बघत बसले होते.

"वैनी," ते म्हणाले, "एसटीची येळ होत आली. भंडारा लावा. आनी एक सुचवतो, रागावू नका. हा बोकड किती दिस असा ठेवायचा? तोच स्वरूपच्या नावानं लावून द्या. देवाचा तो देवाचाच. नुसतं नाव बदलायचं."

नुसतं नाव बदलायचं! कमळाबाईनं दाराकडं पाहिलं. बोकड उठून उंबऱ्यात उभा होता, भाकरीच्या वासानं. सूरजनं त्याला बोटानं दूध चाटवून जगवलं होतं, त्याची आई व्याल्याबरोबर गेली म्हणून. भरतीनंतरच्या पहिल्या सुट्टीत नाही, दुसऱ्या. सगळं तिला आठवत होतं.

तिनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी घेतली. "स्वरूप, हितं ये."

तो येऊन तिच्यापुढं गुडघ्यांवर बसला. एवढा उंचापुरा पोरगा, पण कपाळ पुढं केलं ते लहानपणी करायचा तसंच. कमळाबाईनं चिमूट भरली. सुलक्षणानं डोळे मिटून घेतले.

"तू तिथं गेलास," कमळाबाई म्हणाली, "आनी ते शिपाई परत आले. आता गुरं न्हाईत, बाया न्ह्यायला आले. तू काय करशील?"

स्वरूपनं दाराबाहेर ठेवलेल्या आपल्या बॅगेकडं पाहिलं.

"सांग. म्या रागवत न्हाई."

त्यानं खोटं सांगितलं असतं तर तिनं भंडारा लावला असता. तिला मनातून वाटत होतं, खोटं सांग रे बाबा, निदान तेवढं तरी मला दे. पण हैबतीच्या घराण्यातला तो, खोटं बोलणं जमायचंच नाही.

"हुकूम असेल ते करीन, मोठ्याई."

"हुभं ऱ्हा म्हनाले तर?"

"उभं राहावं लागेल."

कमळाबाईनं चिमूट पुन्हा डबीत सोडली आणि झाकण लावलं. "मंग न्हाई."

"मोठ्याई!"

"वैनी, आवो काय चालवलंय?" वसंतराव अर्धे उठले. "ह्यो न्हाई गेला तर दुसऱ्याचं पोर जाईल. त्याला बी आई असंलच की! आनी त्या तारेपाशी झोपनाऱ्या बाया? त्यांचं काय?"

"म्हाईत हाय मला." तिनं डबी पोटाशी धरली. "त्या पोराच्या आईचं पाप माझ्या डोक्यावर. त्या दुधवाल्या म्हातारीचं बी. म्या मरंपतूर त्यांच्या नावानं कुढत बसंन. ऱ्हायाचं का माघारी यायाचं, ते दिल्लीवाल्यांनी बघावं. माझ्या हातात ही एवढीशी डबी हाय. राखायला धाडत असते तर लावला असता, भावजी, आत्ता लावला असता. पन बघत हुभं ऱ्हायला? त्याला म्या एक दिलाय. दुसरा न्हाई देनार."

स्वरूप ताडकन उठला आणि बाहेर गेला. अंगणात त्याची बॅग भरून ठेवलेली होती, तिच्यावर त्यानं अशी लाथ मारली की कोंबड्या ओरडत पांगल्या. मग तो तिथंच खाली बसला, डोकं हातात धरून. पलटणीत काय तोंड दाखवू, असं काहीतरी तो म्हणत होता. सुलक्षणा धावत बाहेर गेली, पण त्याला हात लावायचा तिला धीर झाला नाही.

वसंतराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. हैबतीला वाटलं, भाऊ रागावला. कमळाबाईला मात्र त्यांची पाठ दिसत होती, आणि ती हलत होती. पेढे वाटणारा माणूस! गेले कित्येक दिवस ह्यांनाही कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं, हे तिला तेव्हा कळलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

"आनी नाव न्हाई बदलायचं," ती म्हणाली. "तो सूरजचा बोकड हाय."

तिनं दुरडीतली अर्धी भाकरी घेतली, डबी घेतली आणि पायांत काही न घालता बाहेर पडली. उंबऱ्यात नवऱ्याजवळ क्षणभर थांबली. "सुरी घ्या," एवढंच म्हणाली. हैबतीनं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता आढ्याला खोचलेली सुरी काढली.

बोकडाला ओढावं लागलं नाही. भाकरीच्या मागं मागं तो चढ चढून आला, वाटेत कुणाच्या तरी कुंपणाचा पाला ओरबाडत. घाई कसली ती नव्हती त्याला. बिरोबाच्या दगडापाशी ऊन रणरणत होतं. कमळाबाईनं दगडाला भंडारा लावला, मग बोकडाच्या कपाळाला. खाचेचा कान तिनं दोन बोटांत धरला. मग हात जोडले.

तोंड उघडलं तर आवाज निघेना.

"ऱ्हाऊ दे गं," हैबती म्हणाला. "आज नगं. लोक हसत्यात हसू देत. आपन सांभाळू त्याला."

"न्हाई." तिनं मान हलवली. "पुन्यांदा कुनीतरी येऊन म्हनंल, नाव बदला."

खाली वाडीत एसटीला जायची वेळ टळून गेली होती, अंगणात स्वरूप अजून बसलेला वरून दिसत होता, आणि त्याची आई त्याच्यापासून हातभर अंतरावर.

"देवा," कमळाबाई म्हणाली, "आलं माझं पोर. माघारी आलं. आता न्हाई यायाचं त्ये. आलं."

आणि वर्षभर न रडलेली बाई दगडाला कपाळ टेकून ढसाढसा रडायला लागली. सूरज, माझ्या सूरज, असं म्हणत रडली. प्रांजल खालून पळत वर येत होती. बोकड कमळाबाईच्या पाठीशी उभा राहून तिच्या पदराचं टोक चघळत होता. हैबतीनं सुरी बाजूला गवतात ठेवली आणि तिचं रडणं सरेपर्यंत तो थांबून राहिला.